इरिगेशन डिस्ट्रिक्टची अतिरिक्त जमीन विकणे किंवा भाडेपट्ट्याने देणे: कॅलिफोर्नियातील पायऱ्या, त्यांचा क्रम आणि नेहमीच्या चुका

वापरातून गेलेल्या चारीलगतचा पट्टा शेजारच्या बागायतदाराला हवा असतो आणि डिस्ट्रिक्टला त्याची निगा राखण्याचा खर्च नको असतो. दोन्ही बाजू व्यवस्थापकाच्या खोलीत बसून आकडा ठरवतात आणि मग ठराव, मूल्यांकन, सूचना हे सगळे कागद त्या आकड्यामागून तयार केले जातात. कॅलिफोर्नियात इरिगेशन डिस्ट्रिक्टच्या जमिनीचे व्यवहार अडकतात ते बहुधा या उलट्या क्रमामुळे. किंमत ही या प्रक्रियेतली जवळजवळ शेवटची पायरी आहे. ती आधी उरकली, की पुढचे प्रत्येक पाऊल कितीही प्रामाणिकपणे उचलले तरी संशयास्पद ठरते. हा लेख डिस्ट्रिक्टच्या कार्यालयात अशा फाइली हाताळणाऱ्यांसाठी आणि अशी जमीन घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी, दोघांसाठीही आहे, कारण प्रक्रिया चुकल्याची झळ दोघांनाही बसते.

येथे ‘डिस्ट्रिक्ट’ हा शब्द महसुली जिल्ह्यासाठी वापरलेला नाही. निवडून आलेल्या संचालक मंडळामार्फत चालणारी आणि आपल्या हद्दीतील शेतांना पाणी पोहोचवणारी स्थानिक सार्वजनिक संस्था, असा त्याचा अर्थ आहे. टरलॉक, मोडेस्टो, मर्सेड, फ्रेस्नो, इम्पीरियल ही त्यांपैकी काही परिचित नावे. संस्था सार्वजनिक असल्यामुळे तिच्या जमिनीच्या व्यवहाराला एकाच वेळी तीन कायदे लागू होतात. वॉटर कोडमधील इरिगेशन डिस्ट्रिक्टविषयक तरतुदींमुळे विकण्याचा अधिकार मिळतो, गव्हर्नमेंट कोडमधील सरप्लस लँड ॲक्ट, म्हणजे अतिरिक्त जमिनीचा कायदा, जमीन आधी कोणाला (मुख्यतः परवडणारी घरे बांधणाऱ्या संस्था, उद्यान विभाग, शाळा) देऊ करायची ते सांगतो, आणि ब्राऊन ॲक्ट निर्णय कोणत्या सभेत, किती उघडपणे घ्यायचा ते ठरवतो. पहिल्या कायद्यापुरते काम करून उरलेले दोन विसरणे ही नित्याची चूक आहे.

टप्पा १: जमीन कोणाची, कोणत्या हक्काची, नेमकी किती

अद्ययावत टायटल रिपोर्ट, म्हणजे मालकी आणि बोजे दाखवणारा अहवाल, मागवा आणि त्यासोबत डिस्ट्रिक्टने ती जमीन ज्या दस्ताने मिळवली तो मूळ दस्त स्वतः वाचा. केवळ टायटल रिपोर्टच्या सारांशावर विसंबू नका, कारण जुन्या कालव्यांच्या दस्तांतील भाषा संदिग्ध असते आणि सारा प्रश्न त्या एका वाक्यावर येऊन ठेपतो. वाचल्यावर तीनपैकी एक चित्र समोर येईल.

पहिले, जमीन डिस्ट्रिक्टच्या पूर्ण मालकीची आहे. असे असेल तरच या लेखातील पुढचे सर्व टप्पे लागू होतात, कारण सरप्लस लँड ॲक्टच्या व्याख्येत पूर्ण मालकीचीच जमीन येते.

दुसरे, डिस्ट्रिक्टकडे फक्त कालवा किंवा चारी नेण्याचा सुविधाधिकार आहे. अशा वेळी जमीन मूळ शेतमालकाचीच असते आणि डिस्ट्रिक्टकडे विकण्यासारखी जमीन नसते. उपयोग संपला असेल तर तेवढा हक्क सोडून देणारे हक्कसोडपत्र करता येते. वर्षानुवर्षे डिस्ट्रिक्टचा ट्रॅक्टर त्या कडेने फिरला, म्हणून जमीन डिस्ट्रिक्टची झाली असे गृहीत धरून तिची जाहिरात देणे ही गंभीर चूक आहे.

तिसरे, कालवा चालवते डिस्ट्रिक्ट, पण मालकी संघराज्य सरकारच्या ब्युरो ऑफ रेक्लमेशन या जलप्रकल्प यंत्रणेकडे आहे. ऑल-अमेरिकन कालवा हे त्याचे ठळक उदाहरण: तो चालवण्याची आणि राखण्याची जबाबदारी इम्पीरियल इरिगेशन डिस्ट्रिक्टची, पण मालकी संघराज्याची. अशा जमिनीबाबत डिस्ट्रिक्टच्या ठरावाने मालकी सरकत नाही, आणि तिऱ्हाइताला तिचा वापर करू द्यायचा तर ब्युरोची परवानगी लागते.

मालकी निश्चित झाल्यावर मोजणी करून घ्या. इथे एक बारकावा फार जणांच्या नजरेतून सुटतो. कौंटीच्या (राज्याखालच्या प्रशासकीय विभागाच्या) करनिर्धारकाने दिलेला पार्सल क्रमांक कर आकारण्यापुरता असतो. त्यावरून जमिनीचा कायदेशीर तपशील सिद्ध होत नाही आणि तो तुकडा स्वतंत्रपणे विकण्याजोगा भूखंड आहे असेही सिद्ध होत नाही. जमिनीच्या विभागणीचे नियमन करणाऱ्या सबडिव्हिजन मॅप ॲक्टखाली सार्वजनिक संस्थेकडून होणाऱ्या हस्तांतरणाला सामान्यतः पार्सल मॅपची, म्हणजे विभागणीच्या मंजूर नकाशाची, सक्ती नसते. परंतु तेवढ्यावर खरेदीदाराच्या हाती बांधकामयोग्य भूखंड पडला असे समजू नये. अरुंद पट्टा शेजाऱ्याला विकायचा असेल तर तो त्याच्या लगतच्या भूखंडात विलीन करण्याची अट घालणे हा सर्वांत स्वच्छ मार्ग आहे, नाहीतर रस्त्याला न लागणारा एक अनाथ तुकडा नकाशावर कायमचा राहतो.

याच टप्प्यावर आणखी चार गोष्टी पाहा: मूळ दस्तात ‘वापर थांबल्यास जमीन परत’ अशी अट आहे का, डिस्ट्रिक्टच्या कर्जरोख्यांच्या करारांत मालमत्ता विकण्यावर बंधन आहे का, जमीन विल्यमसन ॲक्टच्या शेतीसंरक्षण करारात आहे का, आणि खनिजहक्क कोणाकडे आहेत.

पर्यावरणीय पाहणीला स्वतंत्र वेळ ठेवा. डिस्ट्रिक्टच्या जुन्या जागांवर इंधनाच्या जमिनीखालच्या टाक्या, तणनाशके मिसळण्याची ठिकाणे, जुने ट्रान्सफॉर्मर, रसायन मुरवलेले लाकडी खांब आणि शिसेयुक्त रंगाची पाटकऱ्यांची घरे सापडू शकतात. फेज वन पाहणीचे, म्हणजे जमीन प्रदूषित असण्याची शक्यता तपासणाऱ्या प्राथमिक पाहणीचे, मुख्य भाग १८० दिवसांनंतर नव्याने करावे लागतात, त्यामुळे ती फार लवकर करून ठेवली तर विक्रीच्या वेळी पुन्हा खर्च करावा लागतो. डिस्ट्रिक्टने स्वतःच्या माहितीसाठी जुनी कागदपत्रे आणि जागा आधी तपासावी, आणि औपचारिक अहवाल खरेदीदार दृष्टिपथात आल्यावर घ्यावा, असे माझे मत आहे.

*तपासणी:* मूळ दस्त, टायटल रिपोर्ट आणि मोजणीचा नकाशा यांतील चतुःसीमा एकमेकींशी जुळतात का? जुळत नसतील तर पुढे जाऊ नका.

टप्पा २: जमीन खरोखर नको आहे का, हे लेखी विचारा

वॉटर कोडप्रमाणे विक्रीचा किंवा भाडेपट्ट्याचा अधिकार एका निष्कर्षावर उभा आहे: ही मालमत्ता डिस्ट्रिक्टच्या कामासाठी आता आवश्यक नाही, असे मंडळाने ठरावाने ठरवले पाहिजे. हा निष्कर्ष पोकळ असू नये. म्हणून पाणीवाटप, अभियांत्रिकी आणि देखभाल विभागांकडून, आणि डिस्ट्रिक्ट वीजही पुरवत असेल तर वीज विभागाकडूनही, सहीनिशी अभिप्राय घ्या. प्रश्न नेमका विचारा. ‘ही जमीन लागते का’ असे मोघम विचारले, की ‘नाही’ हे उत्तर सहज येते. त्याऐवजी या जागेखालून पाइपलाइन किंवा निचऱ्याची नळी जाते का, जादा पाणी सोडण्याची वाट येथून आहे का, गाळ काढणाऱ्या यंत्राला उभे राहायला हीच जागा लागते का, वीजवाहिनीचे खांब आहेत का, असे एकेक विचारा.

भूजल पुनर्भरणाचा प्रश्न मी मुद्दाम वेगळा काढतो. २०१४ च्या शाश्वत भूजल व्यवस्थापन कायद्यानंतर सॅन वाकीन खोऱ्यात पाणी जिरवण्याच्या तलावांसाठी जागा शोधल्या जात आहेत. ज्या वाळूमिश्रित, पीक न धरणाऱ्या तुकड्याला कालपर्यंत कोणी विचारत नव्हते, तोच तुकडा पाणी मुरवण्यासाठी उत्तम असू शकतो. आज विकलेली जमीन उद्या गरज पडल्यावर बाजारभावाने विकत घ्यावी लागते, प्रसंगी सक्तीच्या संपादनाने, आणि तो पैसा पाणीपट्टी भरणाऱ्या शेतकऱ्यांचाच असतो. अभियंत्याचा एक अभिप्राय या विषयावर स्वतंत्र घ्यावाच.

अनेकदा उत्तर मधले निघते: जमीन नको, पण त्यातून जाणारी वाट हवी. मग जमीन विकून सुविधाधिकार राखून ठेवता येतो, मात्र तो किती रुंदीचा आणि कशासाठी हे इथेच ठरवा. खरेदीखताच्या मसुद्यापर्यंत हे लांबवले, की घाईत ‘आवश्यक ते सर्व हक्क राखून’ असे निरुपयोगी वाक्य लिहिले जाते.

टप्पा ३: व्यवहाराची वर्गवारी

आता ठरवायचे, की हा व्यवहार सरप्लस लँड ॲक्टच्या पूर्ण प्रक्रियेतून (टप्पा ६ ते ८) जाईल, सूट असलेल्या अतिरिक्त जमिनीच्या वाटेने जाईल, की त्या कायद्याच्या कक्षेत येतच नाही. सर्वाधिक गैरसमज याच टप्प्यावर आहेत, म्हणून थोडे थांबून पाहू.

*भाडेपट्टा.* १ जानेवारी २०२४ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने ‘विल्हेवाट’ या शब्दाची व्याख्या स्पष्ट केली; पूर्ण प्रक्रिया लागते ती विल्हेवाटीलाच. १५ वर्षे किंवा त्याहून कमी मुदतीचा भाडेपट्टा विल्हेवाटीत धरला जात नाही. मात्र ही मुदत मोजताना मूळ करारातील मुदतवाढीचे सर्व पर्याय मिळवून मोजायचे असतात. १० वर्षांचा करार आणि त्यापुढे ५-५ वर्षांचे दोन पर्याय म्हणजे २० वर्षे झाली, आणि हा भाडेपट्टा मर्यादेबाहेर गेला. मुदत कितीही असली तरी ज्या भाडेपट्ट्याखाली कोणतेही विकासकाम किंवा पाडकाम होणार नाही, तोही विल्हेवाटीत येत नाही. निव्वळ पीक घेण्यासाठी किंवा चराईसाठी दिलेली जमीन त्यामुळे बहुधा पूर्ण प्रक्रियेबाहेर राहते. पण भाडेकरूला शेड, पॅकिंगचे आवार किंवा सौर पॅनेल उभारायचे असतील, तर विकासकाम होणार नाही असा दावा करता येत नाही. याशिवाय सिव्हिल कोडची मर्यादा वेगळी आहे: शेतीसाठीचा भाडेपट्टा ५१ वर्षांहून अधिक मुदतीचा करता येत नाही.

*सूट असलेली अतिरिक्त जमीन.* डिस्ट्रिक्टच्या कामात वारंवार येणाऱ्या सवलती अशा: अर्ध्या एकरापेक्षा, म्हणजे २० गुंठ्यांपेक्षा, कमी आणि खुल्या जागेसाठी किंवा अल्प व मध्यम उत्पन्न गटाच्या घरांसाठी वापरल्या जाणाऱ्या सरकारी जमिनीला न लागणारा तुकडा, पूर्वीचा रस्ता, मार्गाधिकार किंवा सुविधाधिकार, जो लगतच्या मालकाला दिला जात आहे, दुसऱ्या सार्वजनिक संस्थेला तिच्या स्वतःच्या वापरासाठी दिलेली जमीन, आणि डिस्ट्रिक्टला लागणाऱ्या दुसऱ्या जमिनीच्या बदल्यात दिलेली जमीन. वापरातून गेलेल्या चारीचा पट्टा बहुतेक वेळा पहिल्या दोन सवलतींपैकी एकीत बसतो.

*सवलतीत न बसणारे एक कारण.* ‘ही जमीन शेती विभागात आहे, इथे घरे बांधता येणार नाहीत, म्हणून घरबांधणी संस्थांना कळवण्याची गरज नाही’, हा युक्तिवाद पुनःपुन्हा ऐकू येतो आणि तो चुकीचा आहे. घरे अशक्य करणारे कायदेशीर बंधन असेल तर सवलत मिळू शकते, पण सध्याचा बिगरनिवासी भूवापर एवढ्यानेच असे बंधन सिद्ध होत नाही, असे कायद्यातच म्हटले आहे.

*तपासणी:* सवलतीचे उपकलम आणि ती लागू होण्याची वस्तुस्थिती, क्षेत्रफळ, लगतच्या जमिनींचे मालक आणि त्यांचा वापर, हे एका पानावर लिहून काढा. एका पानात बसत नसेल तर सवलत बहुधा ओढूनताणून लावली जात आहे.

टप्पा ४: हितसंबंध तपासा, मग ठराव घ्या

संचालक मंडळावर बहुतांशी त्याच भागातील शेतकरी असतात आणि डिस्ट्रिक्टच्या जमिनीला त्यांच्यापैकी कोणाची तरी बाग लागून असणे अगदी स्वाभाविक आहे. म्हणूनच गव्हर्नमेंट कोडचे कलम १०९० ठरावाआधी वाचले पाहिजे. ज्या करारात संचालकाचा आर्थिक हितसंबंध आहे तो करार मंडळाला करता येत नाही, आणि केला तर तो रद्दबातल ठरतो. सर्वांत घातक समज असा, की संबंधित संचालक चर्चेच्या वेळी बाहेर गेला आणि त्याने मत दिले नाही म्हणजे प्रश्न मिटला. कायद्याने मोजके अपवाद दिले आहेत, त्यांत प्रकरण बसत नसेल तर त्याच्या दूर राहण्याने उरलेल्या मंडळाचा करार वैध होत नाही. संचालकाला स्वतःच्या बागेशेजारचा पट्टा घ्यायचा असेल तर डिस्ट्रिक्टच्या वकिलाचे लेखी मत येईपर्यंत फाइल जागची हलवू नये.

त्यानंतर ठराव. तो मंडळाच्या नियमित, खुल्या सभेतच व्हावा. सरप्लस लँड ॲक्टमध्ये ‘नियमित सार्वजनिक सभा’ असे शब्द आहेत, म्हणून तातडीने बोलावलेल्या विशेष सभेत हा विषय उरकू नका. विषयपत्रिका सभेच्या किमान ७२ तास आधी लावलेली हवी आणि तिच्यात जमीन ओळखता येईल असा उल्लेख हवा. ‘मालमत्तेबाबत विचार’ एवढाच मजकूर अपुरा आहे.

ठरावात चार गोष्टी असाव्यात: जमिनीचा कायदेशीर तपशील, ती डिस्ट्रिक्टच्या कामासाठी आवश्यक नसल्याचा निष्कर्ष आणि त्याचा आधार, ती अतिरिक्त आहे की सूट असलेली अतिरिक्त, आणि सूट असल्यास कोणत्या उपकलमाखाली व कोणत्या वस्तुस्थितीवरून, आणि कर्मचाऱ्यांना पुढे कोणती पावले उचलण्याचा अधिकार दिला आहे. खरेदीदाराचे नाव या ठरावात येता कामा नये. पूर्ण प्रक्रियेतून जाणाऱ्या जमिनीच्या ठरावात नाव दिसले, तर निर्णय आधीच झाला होता याचा पुरावा डिस्ट्रिक्टने स्वतःच लिहून ठेवल्यासारखे होते. लगतच्या मालकाला जाणारी चारी किंवा दुसऱ्या संस्थेला दिलेली जमीन यांत मात्र घेणारा कोण यावरच सवलत अवलंबून असल्यामुळे तेथे तो सांगावाच लागतो.

*इशारा:* सभेबाहेर ईमेलवरून किंवा एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला विचारून बहुसंख्य संचालकांचे मत जमवणे हा ब्राऊन ॲक्टचा भंग आहे, प्रत्यक्ष बैठक झाली नसली तरीही.

टप्पा ५: नियोजन आणि पर्यावरण

हा टप्पा लहान आहे, पण तो विसरला जातो. जमीन ज्या शहराच्या किंवा कौंटीच्या हद्दीत आहे तिच्या नियोजन यंत्रणेला जमिनीचे स्थान, हेतू आणि व्याप्ती कळवून हस्तांतरण तिच्या भूवापराच्या सर्वसाधारण आराखड्याशी सुसंगत आहे का, याचा अहवाल मागवावा लागतो. ४० दिवसांत अहवाल आला नाही तर सुसंगतता मान्य झाली असे धरले जाते. अहवाल प्रतिकूल असला तरी डिस्ट्रिक्टचे मंडळ तो बाजूला ठेवू शकते. परंतु अहवाल मागवलाच नाही, तर बाजूला ठेवायलाही काही उरत नाही.

पर्यावरण गुणवत्ता कायद्याखाली, ज्याला सर्वजण सीक्वा म्हणतात, अतिरिक्त सरकारी मालमत्तेच्या विक्रीला वर्ग १२ ची सूट आहे. विशेष पर्यावरणीय महत्त्वाच्या क्षेत्रांत ती मर्यादित आहे. जमिनीवर पुढे काय होणार हे ठाऊक असताना केवळ कागदोपत्री विक्री दाखवून ही सूट घेऊ नये. विक्री मंजूर झाल्यावर सूट घेतल्याची सूचना कौंटीच्या लिपिकाकडे लगेच दाखल करा, कारण ती दाखल केली तर न्यायालयात आव्हान देण्याची मुदत ३५ दिवसांची राहते, अन्यथा १८० दिवसांची.

टप्पा ६: उपलब्धतेची सूचना आणि वाट पाहण्याचा काळ

सूट नसेल तर कोणत्याही संभाव्य खरेदीदाराशी बोलणी सुरू करण्यापूर्वी उपलब्धतेची लेखी सूचना ईमेलने किंवा प्रमाणित टपालाने पाठवायची असते. ती राज्याच्या गृहनिर्माण आणि समुदाय विकास विभागाकडे स्वारस्य नोंदवलेल्या घरबांधणी संस्थांना, त्या भागातील संबंधित स्थानिक सार्वजनिक संस्थांना, शहर व कौंटीच्या उद्यान विभागांना, प्रादेशिक उद्यान प्राधिकरणांना, राज्याच्या नैसर्गिक संसाधन एजन्सीला आणि शाळेसाठी योग्य जमीन असल्यास शाळा डिस्ट्रिक्टला गेली पाहिजे. स्वारस्य कळवण्यासाठी त्यांना सूचना पाठवल्यापासून ६० दिवस मिळतात.

कोणी स्वारस्य दाखवले तर त्यांच्याशी किमान ९० दिवस सद्भावनेने बोलणी करावी लागतात. एकाहून अधिक संस्था पुढे आल्या तर सामान्यतः किमान २५ टक्के घरे परवडणारी ठेवणाऱ्या आणि त्यांतही अशी सर्वाधिक घरे देऊ करणाऱ्या संस्थेला अग्रक्रम मिळतो. सद्भावना म्हणजे कमी किमतीत विकणे नव्हे. बाजारभाव मागण्याचा डिस्ट्रिक्टचा हक्क कायद्याने राखला आहे. पण पत्रांना उत्तरच न देणे किंवा रोज नवी अट पुढे करणे हे सद्भावनेत बसत नाही, म्हणून प्रत्येक प्रस्ताव आणि त्याचे उत्तर तारखेसह फाइलला लावा.

या काळात काय करता येते? मूल्यांकन करवून घेता येते, खरेदीदाराचे प्रतिनिधित्व न करणाऱ्या दलालाशी बोलता येते, जमिनीच्या उत्तम वापराचा अभ्यास करता येतो, जाहिरातीचे साहित्य तयार करता येते आणि संचालक व कर्मचाऱ्यांची कायद्याच्या चौकटीत आपसांत चर्चा होऊ शकते. कायदा यांना बोलणी मानत नाही. शेजारच्या शेतकऱ्याने विचारले तर प्रक्रिया समजावून सांगा, त्याचे नाव आणि पत्ता लिहून घ्या आणि वेळ आल्यावर कळवू असे सांगा. ‘साधारण किती द्याल?’ हा प्रश्न मात्र तोंडातून निघू देऊ नका.

*इशारा:* खरेदीदारांनीही हे लक्षात घ्यावे. या टप्प्याआधी दिलेली आगाऊ रक्कम किंवा सही केलेले इरादापत्र तुमचा हक्क बळकट करत नाही, उलट सगळा व्यवहार धोक्यात आणते.

टप्पा ७: किंमत आणि बोलणी

डिस्ट्रिक्टची मालमत्ता तिच्या कामासाठी विश्वस्त भावनेने धारण केलेली असते, आणि कॅलिफोर्नियाच्या राज्यघटनेच्या १६ व्या अनुच्छेदात सार्वजनिक मालमत्ता फुकट देण्यास मनाई आहे. म्हणून स्वतंत्र मूल्यांकनकाराचा अहवाल हवा. लगतच्या एकाच मालकाला उपयोगी पडणाऱ्या पट्ट्याचे मूल्य काढताना पद्धत काय धरली हे अहवालात स्पष्ट असू द्या. स्वतंत्र भूखंड म्हणून त्याची किंमत नगण्य निघते, तर शेजाऱ्याच्या बागेत मिळवून पाहिल्यास बरीच जास्त, आणि डिस्ट्रिक्टला दुसरा आकडा ठाऊक असल्याशिवाय तिने पहिला मान्य करू नये.

बंद सभेत मंडळ आपल्या वाटाघाटीकर्त्याला केवळ किंमत आणि पैसे देण्याच्या अटी यांविषयी सूचना देऊ शकते. त्याआधी खुल्या सभेत जमीन कोणती, डिस्ट्रिक्टतर्फे कोण बोलणार आणि समोर कोण आहे, हे जाहीर करावे लागते. जमीन विकावी की नाही, सुविधाधिकार किती राखावा, पुनर्भरणाला जागा लागेल का, हे विषय बंद दाराआड नेणे चूक आहे.

टप्पा ८: गृहनिर्माण विभागाला कळवणे

पूर्ण प्रक्रियेतून जाणाऱ्या जमिनीच्या बाबतीत अटी अंतिम करण्याआधी पाठवलेल्या सूचना, झालेली बोलणी आणि दस्तासोबत नोंदवायच्या परवडणाऱ्या घरांविषयीच्या निर्बंधाचा (टप्पा ९) मसुदा राज्याच्या गृहनिर्माण विभागाला द्यावा लागतो. विभागाला तपासायला ३० दिवस असतात. दोष सापडल्यास तो दुरुस्त करण्यासाठी डिस्ट्रिक्टला किमान ६० दिवस मिळतात. सूट असलेल्या जमिनीचाही निष्कर्ष हस्तांतरणाच्या किमान ३० दिवस आधी विभागाला कळवायचा असतो. सूट म्हणजे कोणालाच कळवायचे नाही, हा समज सोडा.

नियमभंग करून व्यवहार पुढे नेला तर पहिल्या वेळी व्यवहारमूल्याच्या ३० टक्के आणि त्यानंतर ५० टक्के दंड आहे. मोबदला देऊन घेतलेल्या खरेदीदाराची मालकी एवढ्याने रद्द होत नाही, पण दंड डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे पाणीपट्टी भरणाऱ्यांच्या, खिशातून जातो.

दिवसांचा हिशेब आधीच मांडा. कोणी स्वारस्य दाखवले नाही तरी ६० अधिक ३०, म्हणजे ९० दिवस. बोलणी झाली तर ६०, ९० आणि ३० मिळून १८० दिवस. यात सभांमधील अंतर मिळवा. नियोजन यंत्रणेचे ४० दिवस मात्र याच काळात समांतर चालवता येतात.

टप्पा ९: दस्त

विक्रीच्या दस्तात टप्पा २ मध्ये ठरलेले हक्क मोजमापासह उतरवा: पाइपलाइनच्या मध्यरेषेपासून दोन्ही बाजूंना किती फूट, यंत्रासह प्रवेशाचा हक्क, त्या पट्ट्यात झाडे आणि बांधकामाला मनाई, आणि झाडे लावल्यास ती काढण्याचा खर्च कोणाचा. बदामाच्या रांगा बघता बघता पाइपावर येतात, आणि दस्तात हे नसेल तर गळती दुरुस्त करताना भरपाई डिस्ट्रिक्टलाच मागितली जाते. जमिनीसोबत डिस्ट्रिक्टचे पाणीहक्क जात नाहीत, हे वाक्य वेगळे लिहा. जमिनीवर विहीर असेल तर उपसा २०१४ च्या भूजल कायद्याखालील स्थानिक भूजल शाश्वतता एजन्सीच्या नियमांना बांधलेला राहील, हेही लिहा. पूर्ण प्रक्रियेनंतर अन्य खरेदीदाराला विकलेल्या जमिनीवर पुढे १० किंवा अधिक घरे झाली, तर किमान १५ टक्के परवडणारी असावीत, हा निर्बंध विक्रीच्या वेळीच नोंदवावा लागतो.

भाडेपट्ट्यात मुदत आणि मुदतवाढीचे पर्याय एकाच कलमात लिहा, म्हणजे एकूण वर्षे कोणालाही मोजता येतील. डिस्ट्रिक्टला जमीन परत लागल्यास किती दिवसांच्या सूचनेने आणि उभ्या पिकाचे काय, हे ठरवा. विमा, कीटकनाशकांची जबाबदारी, पोटभाडेकरू ठेवण्यास मनाई आणि मुदत संपल्यावर जमीन कोणत्या स्थितीत परत द्यायची, हे त्यानंतर येते. एक कलम मात्र हमखास राहून जाते. सार्वजनिक जमिनीच्या भाडेकरूच्या ताबाहक्कावर मालमत्ता कर लागू शकतो, आणि तो भाडेकरूने भरायचा असतो. ही सूचना करारात लिहिणे कायद्याने अपेक्षित आहे. डिस्ट्रिक्टची जमीन करमुक्त आहे असे ऐकून आलेल्या भाडेकरूच्या हाती वर्षअखेरीस कौंटीचे बिल पडते, आणि तक्रार डिस्ट्रिक्टच्या दारात येते.

*तपासणी:* दस्तातील चतुःसीमा टप्पा १ मधील मोजणीशी आणि ठरावाला जोडलेल्या तपशिलाशी अक्षरशः जुळते का?

टप्पा १०: नोंदणीनंतर

विक्री किंवा भाडेपट्टा मंजूर करणारे मतदान इतिवृत्तात कोणी कसे मत दिले यासह लिहिलेले असावे. दस्त कौंटी रेकॉर्डरकडे नोंदवल्यानंतर डिस्ट्रिक्टच्या नकाशात, मालमत्तेच्या यादीत आणि विमा पॉलिसीत बदल करा. राखून ठेवलेल्या सुविधाधिकाराची माहिती पाटकऱ्यांना आणि देखभाल पथकाला नकाशासह द्या, कारण न वापरलेला आणि कोणाला ठाऊक नसलेला हक्क प्रत्यक्षात गमावल्यासारखाच असतो. भाडेपट्टे असतील तर मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीची तारीख नोंदवहीत लिहून ठेवा. मुदत संपूनही भाडे घेत राहिले आणि नवा करार झाला नाही, तर पुढच्या वाढीव मुदतीचा प्रश्न पुन्हा टप्पा ३ वर येतो, आणि त्या वेळी १५ वर्षांची मोजणी पहिल्या करारापासून नीट लावून पाहावी लागते.